मालूबाईचा शेवट

कथा लिहिणाऱ्याला आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं वाटतं, हे काही नवं नाही. लेखिका भूमिकाही त्यातलीच. तिची ‘मालूबाई’ ही कथा दोन दिवाळी अंकांनी परत धाडली होती आणि दोन्हीकडून एकच शेरा होता, ‘शेवट पटत नाही.’ तिसऱ्या अंकाची मुदत उद्या संपत होती. म्हणून तर श्रावणातल्या त्या रविवारी दुपारी ती नाक मुठीत धरून लालबागला, दत्तात्रय सरांच्या माडीवर आली.

सर निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे दर पंधरवड्याला कथा वाचायला दोघं जमायची, बँकेतल्या अलकाताई आणि कापड दुकान सांभाळणारा रितेश. आज भूमिका नवीन आलेली. तिथले नियम दोनच. कथा लेखकाने नाही, दुसऱ्याने वाचायची. आणि वाचन संपेपर्यंत लेखकाने चकार शब्द काढायचा नाही.

“आपली कथा परक्याच्या तोंडून ऐकली ना, की खोट लगेच कळते,” सर म्हणाले.

अलकाताई वाचू लागल्या, आणि खरंच की! दुसऱ्याच पानावर भूमिकाला आपली दोन वाक्यं दगडासारखी लागली. तिसऱ्यावर एक अख्खा परिच्छेद फुकटचा निघाला. ती भराभर खुणा करत सुटली. इतकी वर्षं आपण एकटीने काय झक मारत बसलो होतो, असं तिला झालं.

कथा तशी घडलेलीच होती. तापीकाठच्या जसोंडीला तिच्या आजोबांच्या केळीच्या मळ्यात मालूबाई कामाला होती. एका श्रावणात ती नाहीशी झाली. तापीने नेली, असं सगळे म्हणाले. भूमिकानेही तेच लिहिलं होतं.

बाहेर आभाळ भरून आलं. लाइट गेली, पंखा थांबला. खोलीत कुठूनसा केळीच्या चिकाचा तुरट वास आला. भूमिका डोळे मिटून ऐकत होती. अलकाताईंनी शेवटची ओळ वाचली, “आणि तापीने तिला पोटात घेतलं.”

कथा संपली होती. आवाज मात्र थांबला नाही.

“नाही घेतलं... नदीवर मी गेलीच कुठं? खताचा खड्डा होता. मालक बोलले, वाकून बघ जरा, खोल झाला का... मी वाकली... मागून धक्का आला. वर फावडं चालायला लागलं... हाक मारायला तोंड उघडलं, तर...”

भूमिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. मालक म्हणजे तिचेच आजोबा! पण लेखकाची जात मोठी वाईट. त्या क्षणी तिला आजोबा दिसलेच नाहीत, शेवट दिसला. आनंदाने ओरडावंसं वाटलं. पण नियम तो नियम. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

लाइट आली तसा रितेश उडालाच. “भूमिका, क्या एंडिंग है यार! काटा आला बघ!”

“अलकाताई, किती सुंदर वाचलंत!” भूमिकाला आता राहवेना. “पण हे कागदावर नव्हतं... तुम्हाला कुठून सुचलं?”

अलकाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. “मला? मी तर तापीवरच थांबली ना. पुढचं तू बोलत होती.”

“मी?... मी तर गप्प होते.”

“नियम मोडलास म्हणून टोकणारच होतो मी,” सर हळूच म्हणाले. “पण आवाज तुझा नव्हता... म्हटलं, बोलू द्यावं.”

भूमिकाने घाईघाईने कोरा कागद ओढला. ज्याला जे आठवलं ते त्याने सांगितलं. एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं, अलकाताईंनी ‘धक्का’च्या आधीचा एक शब्द काढून टाकायला लावला, आणि एकटीला तीन वर्षांत जमलं नव्हतं ते अर्ध्या तासात कागदावर उतरलं. शेवटचं वाक्य तेवढं अर्धं राहिलं.

“‘तोंड उघडलं, तर...’ इथं थांबलीस तू,” सर म्हणाले. “उद्या पाठवायचंय ना? पुरं कर.”

भूमिकाला ते वाक्य माहीत होतं. तिने सांगायला तोंड उघडलं.

जिभेवर काहीतरी गार, जड आलं. तिने झटकन ओंजळ पुढे केली. ओंजळीत ओली काळी माती पडली, आणि पडतच राहिली.