हललेले फोटो

दार लोटून घ्या आधी. आणि तू रे, तो मोबाईल खाली ठेव, नाहीतर नंतर विचारशील, काका, मधे काय झालं? रात्रपाळीला मशिनवर बसायला शिकताय ना? मग ही ऐकाच. एक्स-रे खात्यात मी तीस वर्षं काढली. या खोलीत पुष्कळ बाता ऐकल्या, थोड्या मीही मारल्या. ही बात नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो रोज माझ्या समोर बसून डबा खायचा.

काम अगदी साधं होतं. एक सीडी काढायची होती. सोळा नोव्हेंबर, सोमवार, रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटं. शेवटचा पेशंट गेला होता, सफाईवाल्या मावशी लादी पुसून वर गेल्या होत्या आणि तळघरातल्या एमआरआयच्या खोलीबाहेर, काचेच्या अलीकडे, तो एकटाच कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्याला सगळे झटपट म्हणायचे. पाऊण तासाचं काम हा पठ्ठ्या अर्ध्या तासात उरकायचा. साहेब खूश, रांगेतले लोक खूश, आणि हा तर काय, हवेतच.

सीडी एका बाईंची होती. शिवणकाम करायच्या. ऑगस्टमध्ये त्यांच्या फुफ्फुसात गाठ निघाली, ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याआधी डोक्याचा स्कॅन करायला त्यांना इथे पाठवलं. का, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय. फुफ्फुसाचा कॅन्सर लबाड. बसतो छातीत आणि गुपचूप डोक्यात पिलावळ सोडतो. पेशंटचं डोकंसुद्धा दुखत नाही. तो वर पोचला असेल तर नुसती छाती कापून भागत नाही, उपचारांची सगळी वाटच बदलते. आणि पिलावळ बारीक असेल तर साध्या स्कॅनमध्ये ती बऱ्याचदा दिसत नाही. हाताच्या शिरेतून औषध द्यायचं, पुन्हा फोटो घ्यायचे, तेव्हा ते ठिपके चमकतात.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी बाईंचा नंबर शेवटचा होता, मशीनवर हाच. साधे फोटो झाले. मग हा सुई घेऊन गेला, तर शीर सापडेना. दोनदा टोचलं, दोनदा फुकट. बाईंनी स्वतःच बाही वर केली. म्हणाल्या, "दादा, या हाताला बघा ना. मला काही होत नाही, रोज सुयाच टोचून घेते मी."

यानं घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, "राहू द्या मावशी, झालं तुमचं."

औषध दिलं नाही की कॉम्प्युटर कारण विचारतो. यानं लिहिलं, पेशंटने सुईला नकार दिला. ते खपून जातं. पेशंट नाही म्हणाला की कोणी उलटून विचारत नाही, हे आपल्याच लोकांना ठाऊक.

साध्या फोटोंत काही दिसलं नाही. ऑपरेशन झालं, अर्धं फुफ्फुस काढलं. टाके पुरते सुकले नव्हते तेवढ्यात झटके सुरू झाले, वाचा गेली. पुन्हा स्कॅन केला, औषध देऊन. नऊ ठिपके. ऑक्टोबर संपायच्या आत बाई गेल्या.

आणि सोळा तारखेला दुपारी त्यांची मुलगी खिडकीशी आली. आईच्या पहिल्या स्कॅनची सीडी हवी, म्हणाली. हा अर्ज लिहून घेत होता, आणि ती आपणहून बोलायला लागली.

"डॉक्टर म्हणाले, तेव्हाच औषध घेतलं असतं तर कळलं असतं, पण तुमच्या आईने नकार दिला. मी तिला नाही नाही ते बोलले हो. एका सुईला घाबरलीस आणि आम्हाला बुडवलंस, म्हटलं. तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती मान हलवायची. नाही, नाही, नाही. मला वाटलं, अजून हट्टच करतेय. शेवटचे चार दिवस मी तिच्याशी बोललेच नाही..." मग तिनं विचारलं, "तुम्हीच होतात ना तेव्हा? खरंच नाही म्हणाली होती का ती?"

एक शब्द पुरला असता. पण त्या एका शब्दात याची बावीस वर्षांची नोकरी जात होती. यानं खाली बघत वेळ मारून नेली. "करतात पेशंट असं. सीडी उद्या सकाळी न्या."

असा माणूस होता. वाईट नव्हता. घाबरट होता.

तर अकरा वीस. यानं बाईंची ऑगस्टची फाईल उघडली, कोरी सीडी आत सरकवली. मशीन बंद असलं तरी त्याचा पंप कधी थांबत नाही, चुक-चुक, चुक-चुक चालू असतो, तुम्हाला माहीत आहे. तो चालू होता.

तेवढ्यात घंटी वाजली.

पेशंटच्या हातात आपण रबरी फुगा देतो ना, घाबरलात तर दाबा म्हणून? त्याची घंटी. यानं बटण दाबून ती बंद केली. फुगा कशाखाली तरी दबला असेल.

पुन्हा वाजली.

यानं काचेतून आत पाहिलं. आतले दिवे यानंच मालवले होते. टेबलही यानंच मशीनच्या बोगद्यातून बाहेर काढून ठेवलं होतं. ते आता आत गेलेलं होतं. टेबलावर कोणी नव्हतं. पण फुग्याची नळी जमिनीवर लोंबत नव्हती. ताणलेली होती. हातात कोणीतरी धरल्यासारखी.

याची पाचावर धारण बसली.

आणि मशीन सुरू झालं. ठक. ठक. ठक. ठक.

स्क्रीनवर फोटो यायला लागले. रिकाम्या टेबलाचे फोटो काळे यायला हवेत. हे काळे नव्हते. डोकं होतं. पण पुसट, फराटे ओढल्यासारखं, एका कडेच्या चार कडा. असे फोटो त्यानं हजारदा पाहिले होते. पेशंट डोकं हलवत असला की येतात ते. डावीकडे... उजवीकडे... डावीकडे...

नाही. नाही. नाही.

बावीस वर्षांची सवय. हात आपोआप माईकच्या बटणावर गेला. "हलू नका."

स्पीकरवर नुसता श्वास. अडखळणारा. बोलायचंय आणि बोलता येत नाही, असा.

पुढचा फोटो आणखी हललेला. त्याच्या पुढचा त्याहून. आता डोकंही ओळखू येईना. नुसते फराटे. ठक ठक ठक ठक...

त्याला समजलं कोण आहे. पहिल्या घंटीलाच समजलं होतं. यानं पुन्हा माईकचं बटण दाबलं.

"मावशी... तुम्ही नाही म्हणाला नव्हतात."

ठक. ठक.

"तुम्ही दुसरा हात पुढे केला होता. मला घरी जायची घाई होती. ते मी लिहिलं. मी."

मशीन थांबलं. श्वास थांबला. एकच फोटो आला, शेवटचा. स्वच्छ, जराही न हललेला. त्यात ठिपके चमकत होते. यानं मोजले. नऊ.

मग स्क्रीन काळी. पंपाची चुक-चुक तेवढी.

रात्रभर तो जिन्यात बसून राहिला. उजाडल्यावर खाली येऊन पाहतो, तर टेबल बाहेर, फुगा लोंबतोय, फाईलमध्ये ऑगस्टचे साधे फोटो आणि बाकी काही नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. डोळा लागला असणार आपला. नऊचा आकडा डोक्यात होता, तोच स्वप्नात आला. आणि चहा पोटात गेल्यावर माणसाचं धाडस परत येतं, तसं भेकडपणही परत येतं. त्यानं ठरवलं, तोंडातून ब्र काढायचा नाही.

नऊ वाजता मुलगी आली. डोळे सुजलेले. सीडी घेतली, पिशवीत ठेवली, चार पावलं गेली आणि मागे फिरली.

"शेवटचं विचारते. परत नाही येणार. आई खरंच नाही म्हणाली होती?"

त्याला 'हो' म्हणायचं होतं. शपथेवर सांगायचा मला. 'हो' ओठावर होता.

त्याची मान हलली. डावीकडे. उजवीकडे.

मुलगी बघत राहिली. "म्हणजे?"

यानं दोन्ही हातांनी हनुवटी धरली. मान थांबेना. नाही, नाही, नाही. हातांसकट हलत होती. मुलीनं ती मान ओळखली. महिनाभर तीच पाहिली होती तिनं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती हळूच, लहान मुलीसारखी म्हणाली, "आई?"

मग मात्र त्यानं सगळं सांगितलं. शीर, बाही, घड्याळ, काय लिहिलं ते. मुलगी खिडकीच्या कठड्यावर डोकं टेकून रडली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणायचा. तिनं काही दिल्या नाहीत. दुपारी त्यानं साहेबांना लेखी दिलं. नोकरी गेली.

मान त्याच दिवशी थांबली. चांगली थांबली, डबा खाताना मी स्वतः पाहिलंय. पण बायकोच्या जिवाला स्वस्थता नव्हती, म्हणून दुसऱ्या शहरात नेऊन त्याच्या डोक्याचा स्कॅन केला. फोटो हललेले आले. पुन्हा केला. हललेले. तिसऱ्यांदा त्याला गुंगी दिली, डोकं दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी बांधलं. काचेशी मी उभा होतो. माझी नजर त्याच्या डोक्यावरून हलली नाही.

डोकं दगडासारखं स्थिर होतं.

फोटोत ते हलत होतं.