फ्यूजच्या जागी तार

उन्हं कलायच्या सुमाराला मेकॅनिकने ॲम्प्लिफायरचं झाकण बसवलं आणि चारही स्क्रू आवळले. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, पोलादी सांगाड्याचा धिप्पाड ॲम्प्लिफायर. त्याच्या थोरल्या भावाचा. सात महिन्यांपूर्वी तो तापून पेटला, खोली जळाली आणि झोपलेला दादा उठलाच नाही. आता वहिनीला तो पुन्हा चालू करून हवा होता. उशाशी ठेवायला.

लोक म्हणाले, जुनी वस्तू, दिला दगा. खरं काय ते एकट्या मेकॅनिकला ठाऊक होतं. "ऐन गाण्यात फ्यूज उडतो रे," म्हणून दादाने त्याचं डोकं खाल्लं होतं. यानेही वैतागून फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून दिली होती. जाड तार उडत नाही. म्हणूनच ती लावायची नसते, हे तो वीस वर्षं गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगत आला होता.

या वेळी त्याने कसूर ठेवली नव्हती. ट्रान्सफॉर्मर नवा, फ्यूज नेमका, शिवाय फार तापलं की आपोआप वीज तोडणारा छोटासा कटआउट. निदान वहिनी तरी वाचली पाहिजे, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याने बटण दाबलं. झाकणाच्या जाळीआड व्हॉल्व्ह सावकाश नारिंगी झाले, मंद घुमायला लागले. थोड्या वेळाने वास आला... ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरच्या तापलेल्या वॉर्निशचा. हात जवळ नेववेना इतकी धग, तरी कटआउट वीज तोडेना. त्याने घाईघाईने प्लग उपसला, झाकण उघडलं. कटआउट सुटा लोंबत होता. फ्यूजच्या जागी जाड तार होती. तिचं टोक आत दुमडून दाबलेलं होतं. तशी दुमडायची सवय त्याचीच.

त्याने तार काढली, फ्यूज बसवला, कटआउट जोडला, सगळं निवू दिलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तो झाकण उघडं ठेवून बघत बसला. डोळे चुरचुरले म्हणून एकदाच मिटले, तेवढ्यात तार जागेवर होती. त्याने प्लग काढून फेकला आणि स्टुलावर मटकन बसला.

"झालं का, भाऊजी?" दारात वहिनी उभी होती.

"वहिनी... हा नेऊ नका."

"का हो?"

सात महिने लपवलेलं त्याने एकदम सांगून टाकलं. "ती तार मी लावली होती. दादा माझ्यामुळे गेला, वहिनी."

ती रागावली नाही, रडली नाही. ते जास्त भयंकर होतं.

"माहीत आहे मला," ती हळूच म्हणाली. "त्यांनीच सांगितलं..."

"कुणी?"

"आणि आताही फ्यूज नको म्हणतात. मधेच गाणं तुटतं ना..."

तिने तो तापलेला सांगाडा उघड्या हातांनी उचलला.

"वहिनी, चटका बसेल!"

तिने तो छातीशी धरला आणि जिन्याकडे वळली. धावावं, हिसकावून घ्यावा, असं त्याला वाटत होतं. पण तो दारापर्यंतच पोचला. ती एकेक पायरी उतरत होती. मागे लोंबणारा प्लग पायऱ्यांवर आपटत होता, आणि तिच्या छातीशी व्हॉल्व्ह अजून पेटलेले होते.