रिती वाटी

रेणू नागपूरला शब्दांच्या अर्थांवर संशोधन करत होती. अर्थ शब्दात नसतो, माणसांच्या देवाणघेवाणीत असतो, हे ती सरांशी तावातावानं भांडून सांगायची. आणि इकडे केशोरीत तिच्या मायला, पुष्पाबाईंना, झटका आला तेव्हा नेमके अर्थच गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पुष्पाबाईंना ऐकू यायचं, बोलता यायचं, कळायचं मात्र काही नाही. "पाणी" म्हटलं की त्याही "पाणी" म्हणायच्या आणि हातातल्या लोट्याकडे परक्यासारख्या बघत बसायच्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी वाट बघायला सांगितलं. नागपूरहून धावत आलेल्या रेणूचा जीव थाऱ्यावर नव्हता. मायनं आपल्याला ओळखावं, एवढंच तिला हवं होतं.

शेजारच्या रुख्माकाकी दुपारी काशाच्या वाटीत पेज आणून द्यायच्या. पहिल्याच घोटाला पुष्पाबाई म्हणाल्या, "मीठ कमी हाये." रेणूनं मिठाचा डबा पुढे केला, तर त्यांनी बरोबर चिमूटभर घेतलं. दुसऱ्या वाटीला पाणी कळलं. मग चूल, धान, गाय. वाटी आली नाही त्या दिवशी एकही शब्द कळला नाही. योगायोग आहे, असं रेणूनं स्वतःला बजावलं.

शेजाऱ्याची वाटी रिती परत करायची नाही, हा गावचा रिवाज. रेणू कधी मूठभर तांदूळ घालून द्यायची, कधी परसातल्या मिरच्या. काकी आधी वाटीत बघायच्या, मगच ती हातात घ्यायच्या.

एका दुपारी पेज संपवून पुष्पाबाईंनी मान वर केली.

"रेणू, काऊन रडून राहिली वं?"

रेणू त्यांच्या गळ्यातच पडली. छातीवरचा धोंडा उतरला. त्या आनंदात तिनं वाटी विसळली आणि तशीच नेऊन काकींच्या हातात दिली.

काकींनी वाटीत बघितलं.

"रिती काऊन आणली, बाई?"

"विसरली मी काकी. आत्ता तांदूळ आणून देते."

"आता काई होत नाई. आपण नाई टाकलं, तं वाटी आपल्या मनानं घेते."

रेणूला हसू आलं. तरी परतताना तिनं मनातल्या मनात उजळणी केली. हे कुंपण. ही धानाची बांधी. तो बगळा. सगळं जागच्या जागी होतं. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

माय ओसरीवर उभी होती. तिच्याकडे बघून हसत होती, हात हलवत होती.

"रेणू," माय म्हणाली. "ये वं, रेणू."

कानाला गोड शब्द होता. तिनं आधी कधी ऐकला नव्हता.

माय आता बरी झाली होती. घाई कसलीच नव्हती. या शब्दाचा अर्थ तिला सावकाश विचारू, असं ठरवून ती ओसरीवर चढली.