अडीच सेकंद पुढे

कुडाळ ते चंद्र असं भजन रोज सकाळी साडेआठला सुरू व्हायचं, आणि त्याचं कुणाला नवलही उरलं नव्हतं. कुडाळात विश्रामबुवा पेडणेकर कीबोर्डवर बसायचे. चंद्रावरच्या तळावर इंजिनिअर असलेली त्यांची लेक तेजल कामावर जाण्याआधी एक अभंग गायची. तेवढ्यावर बुवांचा अख्खा दिवस मजेत जायचा.

आज मात्र बुवा भडकले होते.

"नफिसा, तुझ्या कॉम्प्युटरचं डोकं फिरलंय! मी वाजवतोय एक आणि पोहोचतंय भलतंच!"

नफिसा मुजावरने भजन चंद्रावर पोहोचवणारी ही यंत्रणा चार वर्षांपूर्वी स्वतः बसवली होती. "आधी शांत बसा बुवा. झालं काय ते सांगा."

झालं होतं ते असं. चाळीस वर्षं बुवांनी भजनात दुसऱ्यांच्या चाली वाजवल्या. यंदा सत्तरीला पोचल्यावर पहिल्यांदाच स्वतःची एक चाल बांधली, तेजलच्या वाढदिवसासाठी, तिच्या आवडत्या अभंगाला. आज तो वाढदिवस. तिला चकित करायचं म्हणून बुवा काही बोलले नाहीत, सरळ नवी चाल धरली. आणि पोरगी आपली जुन्याच चालीत गात राहिली! वर म्हणते कशी, "बाबा, काय झकास वाजवलंस!" दुपारच्या सुट्टीत ती पुन्हा पडद्यावर येणार होती. तोवर बिघाड सापडायलाच हवा होता.

नफिसा टेबलाखाली वाकली. "हे घ्या. कीबोर्डची केबल मागून निसटलीय." ती प्लग दाबून उठली आणि पडद्यावरच्या नोंदी बघता बघता थबकली. "बुवा, दिवाळीची झाडलोट कोणी केली होती?"

"मीच. का गं?"

"तेव्हापासून तुमचा एकही सूर कॉम्प्युटरमध्ये गेलेला नाही."

"काहीतरीच काय! मी रोज ऐकतोय."

"तुम्ही ऐकता तो कीबोर्डचा स्वतःचा स्पीकर. तेजल ऐकते तो पूर्वसूर."

बुवांना काही उमगलं नाही, तेव्हा तिने समजावलं. चंद्रावर पोहोचायला संदेशाला सव्वा सेकंद लागतो, परतायला सव्वा. एवढ्या अंतराने दोघांचा ताल जमणं अशक्य. म्हणून कॉम्प्युटर वादकाचा हात शिकून घेतो, आणि अडीच सेकंदांनी तो काय वाजवणार ते ओळखून आधीच पाठवून देतो. तोच पूर्वसूर. कीबोर्डचा संपर्क तुटला तरी गाणं थांबू नये म्हणून तो तेजलचं गाणं ऐकून अंदाजानेच वाजवत राहतो.

"म्हणजे तीन महिने मी बसलो नसतो तरी चाललं असतं?"

"चाललं असतं," नफिसा चाचरत म्हणाली.

बुवा खो खो हसले. "भले शाब्बास! इतका तयार शिष्य मला जन्मात मिळाला नाही. बरं, आता माझी चाल जाईल ना?"

"केबल लागली, पण चाल त्याला ठाऊक नाही. तुमची बोटं घसरली असं समजून तो जुनीच पाठवेल. पूर्वसूर बंद केला तर जाईल, फक्त तेजलला बरोबर गाता येणार नाही."

"मग कर बंद. आज तिने नुसतं ऐकायचं."

दुपारी बुवांनी मन लावून वाजवलं. अंतऱ्यात एका जागी सूर अवचित खाली उतरत होता. ती जागा बांधायला त्यांना महिना लागला होता. ती अशी काही सुरेख पडली की नफिसाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. बुवा पडद्याकडे बघत बसले.

"बाबा," तेजलचा आवाज आला, "कनेक्शनमध्ये घोळ आहे वाटतं. हा तुझा हात वाटतच नाहीये. कुणी परकंच वाजवतंय असं वाटतंय. बघ ना जरा, वाढदिवसाला मला तुझं वाजवणं हवंय."

"सांगून टाका ना तिला, बुवा," नफिसा कुजबुजली.

बुवांना फार लागलं होतं. पण लेकीचा हसरा चेहरा समोर होता.

"राहू दे गं. वाढदिवस आहे तिचा," ते हळूच म्हणाले. "कर चालू."

पूर्वसूर सुरू झाला. तेजल जुन्या चालीत गाऊ लागली, खुशीत, मोकळ्या गळ्याने. बुवांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"आत्ता कसं!" अभंग संपल्यावर ती म्हणाली. "आत्ता आलास बाबा तू!"