खाली ठेवलेली पिन

आज प्रदोष आहे. उपासाच्या दिवशी मी खोटं लिहिणार नाही.

हे आमच्या चुलतदिरांच्या, आल्हादभावजींच्या बाबतीत घडलं. अठ्ठ्याण्णव सालचा श्रावणी सोमवार. उज्जैनला नानाखेड्याजवळचं एक छोटं नर्सिंग होम. महाकाळाच्या पालखीच्या सवारीमुळे सगळं गाव तिकडे लोटलेलं, इकडे रस्त्यावर चिटपाखरू नाही.

भावजींचा माधवनगरात कॉम्प्युटरचा धंदा. इथल्या घंट्या त्यांनीच कॉम्प्युटरला जोडल्या होत्या. पेशंटनं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजे आणि पडद्यावर ती खाट उजळे. त्यासाठी कॉम्प्युटरच्या पार गाभ्यात, कर्नेलमध्ये, प्रत्येक खाटेची वायर जिथं जोडतात त्या पिनला सांगून ठेवावं लागे... तू ऐकायचं, की बोलायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईचं, उषाकाकूंचं, ऑपरेशन याच वॉर्डात होतं. म्हणून भावजी संध्याकाळी मुद्दाम सगळं तपासायला गेले.

सगळं ठीक.

मग घंटा वाजली... कोपऱ्यातली खाट.

तिथं कुणीच नव्हतं. गादीसुद्धा गुंडाळलेली.

सिस्टर म्हणाली, हे दुपारपासून असंच चाललंय.

भावजींचा संशय वायरमन गोपाळवर. त्याला लगेच बोलावून घेतलं.

"कोनेवाली पिन खाली रखने को कहा था ना?"

"खाली ही तो रखी है, भैया. कुछ जोड़ा ही नहीं."

भावजींनी कपाळावर हात मारला. त्यांच्या डोक्यातलं 'खाली' मराठी... शून्याला, अर्थिंगला बांधलेली. गोपाळनं ऐकलं हिंदी. पिन रिकामीच सोडली.

"आपकी मराठी ने मरवा दिया," गोपाळ हसला.

रिकामी पिन हवेतलं काहीबाही पकडते, हे भावजींना माहीत होतं. जीव भांड्यात पडला. गोपाळनं ती अर्थिंगला बांधली.

घंटा वाजली...

मग भावजींनी कर्नेलमध्येच फिरवलं. ही पिन आता ऐकणार नाही, नुसती बोलेल. आणि बोलेल तेही शून्यच.

वाट पाहिली.

घंटा...

गोपाळनं ती वायरच उपटली. हातात धरून उभा राहिला. हसत नव्हता.

घंटा...

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचं ऑपरेशन मात्र नीट पार पडलं. रिकामी होती ती एकच, कोपऱ्यातली खाट. आईला तिथं ठेवायचं नाही, भावजी अडून बसले. एका बाईंना विनवून काकूंना खिडकीजवळची खाट मिळवून दिली. त्या बाई कोपऱ्यात गेल्या.

कोपरा गप्प झाला.

आणि भरदुपारी काकूंची घंटा वाजली.

सिस्टर आली. "क्या चाहिए, माँजी?"

काकू गुंगीत होत्या. बटण भिंतीवर, खिळ्याला अडकवलेलं. काकूंचे दोन्ही हात भावजींच्या हातात.

सिस्टर वळली. पुन्हा घंटा...

काकूंनी डोळे न उघडता विचारलं, "आल्हाद, ही कोण रे बोलावतेय मला?"

"कुणी नाही. आई, ओ देऊ नकोस."

काकू गोड हसल्या.

डॉक्टर नको म्हणत असताना भावजींनी त्याच संध्याकाळी त्यांना घरी आणलं. कोपऱ्यातल्या बाईही पुढे बऱ्या होऊन गेल्या म्हणतात. काकू आज ठणठणीत आहेत.

फक्त एक विचारायचा भावजींना अजून धीर होत नाही... आपण नको म्हणण्याआधीच काकूंनी ओ दिली होती का?

कारण पोळ्या लाटता लाटता काकू मधेच थांबतात. कान देतात.

आणि हलकेच म्हणतात, "आले हं..."