या हाताचं त्या हाताला

प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या बाकावर दोघींत मिळून एक सूक्ष्मदर्शक होता. थोरली उजवीकडे बसायची, तिची मैत्रीण डावखुरी डावीकडे, म्हणजे लिहिताना कोपराला कोपर लागत नसे. चुकून धक्का लागलाच, तर डावखुरी तिच्या हातावर दोनदा थोपटायची. "असू दे गं." लिहिताना डावखुरीचा तळहात अक्षरांवरून सरकायचा, त्यामुळे त्याची कड कायम शिशाने काळी. डॉक्टर दोघींनाही व्हायचं होतं. डावखुरीला एकदा वाचलं की पुरे. थोरली मात्र घोकून घोकून मेटाकुटीला आलेली.

प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवशी डावखुरीचं प्रवेशपत्र हरवलं. ते थोरलीनेच उचलून फाडलं होतं, या हाताचं त्या हाताला कळू न देता. वर दिवसभर तिच्याबरोबर शोधायचं नाटकही केलं. डावखुरीची परीक्षा बुडाली. थोरली बसली आणि आपटली.

महिन्याभरात डावखुरी तापाने गेली. "शेवटपर्यंत हवेत लिहीत होती गं," तिची आई म्हणाली. "सगळा पेपर सोडवला पोरीनं."

थोरलीला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, थोडं हायसंही वाटलं.

"यंदा शेवटचं," बाबांनी बजावलं. ती नेटाने अभ्यासाला लागली. एका सकाळी दात घासताना तिला डाव्या तळहाताची कड काळी दिसली. टेबलाला लागलं असेल, म्हणून तिने साबणाने धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एका दुपारी, अर्धवट सोडलेली हृदयाची आकृती वहीत पुरी झालेली दिसली, नावांसकट, डावीकडे कललेल्या अक्षरांत.

"ही तू काढलीस?" तिने धाकट्या बहिणीला विचारलं.

"मी? तूच तर काढत होतीस मघाशी. डाव्या हातानं. हाक मारली तर बघितलंही नाहीस."

परीक्षेला ती डाव्या हाताला घट्ट पट्टी गुंडाळून गेली.

पहिल्याच प्रश्नाला अडली. घाईत नावाची चौकटही भरायची राहिली होती. पट्टी सैल झाली. डाव्या बोटांनी उजव्या हातातलं पेन काढून घेतलं.

उत्तरांचे गोळे भराभर काळे होत गेले. एकही चुकत नव्हता, एवढं तिलाही कळत होतं. भीती वाटली, तशी हावही सुटली. करू दे! जागा तर आपल्यालाच मिळणार!

शेवटी हात वर सरकला आणि त्याने चौकटीत नाव लिहिलं.

डावखुरीचं.

थोरलीने ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

पर्यवेक्षक आले. त्यांनी ते नाव वाचलं. बाकावरून प्रवेशपत्र उचललं, तुकडे जोडून चिकटवलेलं. फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि सही केली.

ते पुढच्या बाकाकडे वळले. थोरलीने उत्तरपत्रिका ओढायला उजवा हात पुढे केला.

काळ्या कडेचा डावा हात त्याच्यावर येऊन टेकला, आणि त्याने दोनदा थोपटलं.