लाईट जाण्याआधी

"बाई, त्या बाटल्या परत आल्या नाहीत तर एखादं मूल दगावेल," मालक म्हणाला. बस म्हटलं तरी तो उभाच राहिला.

मुलांचं तापाचं सिरप बनवणारा त्याचा छोटा कारखाना. एका बॅचमध्ये औषध कितीतरी पट जास्त पडल्याचं सकाळी कळलं. बॅच दुकानांत पोचली होती. कोणत्या दुकानांत, ते फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. ते बघण्याआधीच लाईट गेली. खाली पडलेला मेन स्विच वर केला, पण कॉम्प्युटर काही उठेना. बॅकअपची डिस्कही कपाटातून गायब.

गुप्तहेर बाईंनी पायांत चपला सरकवल्या. मागोमाग त्यांचे दीर निघाले.

"वहिनी, आधी चोर शोधायचा की बाटल्या?"

"चला हो, भावजी. डिस्क मिळाली की दोन्ही मिळतील."

कारखान्यात कॉम्प्युटरवाला पडद्यासमोर घामेजून बसला होता. "माहिती लिहिता लिहिता यंत्र बंद पडलंय. फाइल वाचता येत नाही. डिस्क द्या, लगेच सगळं उभं करतो."

"आणि हा यूपीएस?" वहिनींनी टेबलाखालच्या काळ्या पेटीकडे बोट दाखवलं.

"लाईट गेली की ओरडतो आणि यंत्राला बॅटरीवर जगवतो. पण बॅटरी म्हातारी झालीय, चार-पाच मिनिटांत मान टाकते." तो ओशाळला. "मी तिकडे ऑफिसात जेवत होतो. टीं-टीं ऐकलं. वर बघतो तर ट्यूब चालू. म्हटलं, माझेच कान वाजतायत."

पॅकिंगच्या मावशी फणकारल्या. "माझ्यावर संशय? अहो, भिंतीपलीकडे ते मेलं टीं-टीं करत बसलं होतं. मग गप झालं. जरा वेळानं माझा पंखा थांबला. घामानं लेबलं चिकटेनात. तेवढंच मला ठाऊक."

सिरपचं मिश्रण मालकाचा धाकटा भाऊ करायचा. तो दारातूनच सांगू लागला.

"लाईट गेली. लगेच टीं-टीं सुरू झालं. मी धावलो, तोवर कॉम्प्युटर बंद."

"वहिनी, याचं सरळ आहे," भावजी कुजबुजले. "त्या दोघांचंच उलटसुलट."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं. वाकून यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटला.

टीं-टीं. टीं-टीं.

सगळे दचकले. डोक्यावर ट्यूब जळतच होती.

"लाईट जायलाच हवी असं नाही. स्वतःची वीज तुटली की ही पेटी ओरडते," वहिनी म्हणाल्या. "कोणीतरी प्लग काढला आणि बॅटरी संपेपर्यंत थांबला. यंत्र मेलं, आवाज थांबला. मग प्लग परत लावून मेन स्विच पाडला, म्हणजे दोष लाईटवर जाईल. ऐकणाऱ्या दोघांनी कानांवर पडलं ते सांगितलं, म्हणून ते उलटं होतं. " त्या धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही मात्र एरवी जसं घडतं तसं सांगितलंत. खरं कसं घडलं ते तुम्हाला सांगता येत नव्हतं."

पेटी ओरडतच होती.

"कोणत्या बॅचचं औषध कोणी मोजलं, तेही या कॉम्प्युटरमध्येच आहे ना?" वहिनींनी विचारलं.

धाकट्यानं कानांवर हात ठेवले. "दादा, दशांशाचं टिंब चुकलं रे. मला वाटलं, तू मला पोलिसात देशील."

"आधी डिस्क दे," मालकाचा आवाज फाटला.

धाकट्यानं शर्टाखालून डिस्क काढली. वहिनींनी प्लग लावला. कॉम्प्युटरवाल्याची बोटं भराभर चालू लागली, आणि अखेर पडद्यावर दुकानांची नावं उतरली. सगळ्यांनी फोन वाटून घेतले. 'विकू नका.' 'विकली असेल तर त्या घरी माणूस पाठवा.' एकेका नावावर काट पडत गेली.

एका दुकानाचा फोन कोणी उचलेना.

धाकट्यानं स्कूटरची किल्ली ओढून घेतली. मालकानं त्याला अडवलं नाही. तोही त्याच्या मागे बसून निघाला.

वहिनींनी पुन्हा तोच नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.